मोराची मान लांबू नये म्हणून

नवी पेठेतल्या दुकानात सोलापुरी चादर बघताना ती उलटूनही बघावी. नक्षी दोन्हीकडे तीच, रंग तेवढे अदलाबदल झालेले. जेकार्डवर विणलेल्या दुपदरी कापडाची ही मिजास क्रोशाच्या सुईला परवडत नाही. पण क्रोशाचं शोभेचं पांघरूण करायचं, परदेशात ज्याला अफगाण म्हणतात तसलं, तर नमुना परक्या पुस्तकातून कशाला घ्यायचा? मोर, कमळं, वेलबुट्ट्या इथं घडीघडीत आहेत.

शिवाय ही नक्षी जन्मते तीच चौकटींच्या कागदावर. फ्रान्समधल्या जॅकारच्या 1804 सालच्या यंत्राची, म्हणजेच जेकार्डची, युक्ती साधी आहे: पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात जी चादर नावारूपाला आणली आणि जिला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, ती याच हिशेबावर उभी आहे. क्रोशावालीला वाटतं, झालं काम. एक चौकट म्हणजे एक टाका.

इथंच मोर बिघडतो, कारण टाका चौकोनी नसतो. समजा, आपल्या हाताला दहा सेंटीमीटरांत 14 खांब आणि 7 ओळी बसतात. मग 40 बाय 40 चौकटींचा मोर साडेअठ्ठावीस सेंटीमीटर रुंद आणि सत्तावन्न उंच होतो. मोर कसला, करकोचाच! एकाआड एक ओळ गाळली तर उंची ताळ्यावर येते, पण तुरा जातो, डोळाही जातो. मुके खांब घातले तर आकृती बरीच जागेवर राहते. मात्र वीण दाट होते, आणि न लागणारा रंग टाक्यांच्या पोटातून ओढत न्यावा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात असलं जाडजूड कोण अंगावर घेणार?

माझं मत जाळीच्या बाजूनं. रिकाम्या चौकटीला एक खांब, एक साखळी. भरलेल्या चौकटीला दोन खांब. चौकट दोन टाक्यांची झाली की रुंदी-उंची जुळते आणि मोर सत्तावन्न बाय सत्तावन्नचा बसतो. दीडशे सेंटीमीटर रुंदीला 210 टाके लागतात. समोरासमोर दोन मोरांना 160 गेले, उरले 50. ते पंचवीस-पंचवीस करून दोन्ही काठांना द्यावेत. मोरांमध्ये घुसवले तर जोडी फुटते.

दोरा सुतीच घ्यावा. नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत, कारण सूत पहिल्या धुण्याला आटतं. आणि पांघरूण वाळवताना दोरीवर लटकवू नये. ओल्या सुताच्या वजनानं जाळी खाली ओघळते आणि एवढा हिशेब करून आखूड ठेवलेली मान पुन्हा लांब होते.