युद्ध कोरियात, झाडाझडती चीनमध्ये

३ ऑक्टोबर १९५०. मध्यरात्र उलटल्यावर बीजिंगमधले भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना झोपेतून उठवून पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्या घरी बोलावलं गेलं. निरोप सरळ होता: अमेरिकी फौजांनी कोरियातली अडतिसावी अक्षांशरेषा ओलांडली, तर चीन युद्धात उतरेल. वॉशिंग्टनचा पणिक्करांवर विश्वास नव्हता. तिथे ही पोकळ धमकी ठरली. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा यालू नदी ओलांडू लागल्या. नाव 'जन-स्वयंसेवक', म्हणजे कागदोपत्री चीन युद्धात नव्हताच!

घरी मात्र युद्ध पुरेपूर वापरलं गेलं. कम्युनिस्ट पक्षाच्या हाती सत्ता येऊन जेमतेम वर्ष झालेलं. १० ऑक्टोबरला, फौजा निघण्याआधीच, पक्षाने 'प्रतिक्रांतिकारकां'विरुद्ध कडक आदेश काढला. त्या मोहिमेत सरकारी हिशेबानेच सात लाखांवर लोकांना मृत्युदंड झाला. शत्रू कोण हे पक्षाने आधीच ठरवलं होतं. कोरियाने मुहूर्त दिला, असं माझं मत. अमेरिकी पैशावर चालणारी मिशनरी कॉलेजं सरकारजमा झाली. लोकांनी वर्गणी काढून लढाऊ विमानं द्यावीत अशी टूम निघाली, तेव्हा हनान प्रांतातल्या ऑपेरा गायिका चांग श्यांग-यू यांनी गावोगाव प्रयोग करून एका विमानाचे पैसे उभे केले. १९५२मध्ये पाळी व्यापाऱ्यांची आली. आघाडीवर बनावट औषधं पाठवल्याचा आरोप एकदा झाला, की कोण कोणाची बाजू घेणार?

बाहेरचा जमाखर्च गुंतागुंतीचा. अमेरिकी आरमार सामुद्रधुनीत येऊन उभं राहिल्याने तैवान हातचं गेलं, संयुक्त राष्ट्रांनी आक्रमक ठरवलं, मॉस्कोकडून शस्त्रं उधारीवर घ्यावी लागली. पण अमेरिकेला बरोबरीत रोखलं, म्हणून १९५४मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत चाऊंना बड्या राष्ट्रांच्या पंगतीत जागा मिळाली.

बीजिंगला सगळ्यात झोंबले ते युद्धकैदी. परत जायचं नाही म्हणणाऱ्या कैद्यांच्या पहाऱ्याला भारतीय दल होतं, प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाआत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. कैद्यांची मनं वळवायला चीनचे अधिकारी तंबूत बसत. कैदी त्यांना शिव्या घालत. शेवटी चौदा हजारांवर चिनी कैदी तैवानला गेले.

मायदेशी परतले ते सुमारे सात हजार. त्यांची महिनोन्‌महिने चौकशी झाली, त्यांतल्या बहुतेक पक्षसदस्यांचं सदस्यत्व गेलं. ते डाग पक्षाने पुसायला घेतले १९८०मध्ये. माओ जाऊन चार वर्षं झाल्यावर.