उन्हाळ्यातली मोरी : आधी पाणी, मग फिनाईल

घरदुरुस्तीची बाराखडी : भाग 6

गेल्या आठवड्यात गच्चीवरच्या टाकीचं पाहिलं. आज त्याच पाण्याचं दुसरं टोक, म्हणजे मोरी.

एप्रिल उलटला की अंधेरी असो वा मुलुंड, सोसायट्यांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते : बाथरूममधून सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग फिनाईल ओतलं जातं, डांबराच्या गोळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर! कारण पुष्कळदा प्रश्न घाणीचा नसतोच. आटलेल्या पाण्याचा असतो.

मोरीच्या जाळीखाली जे वळण असतं त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम साचून राहायला हवं. घर आणि गटार यांच्यामध्ये तेवढंच एक बूच. त्याच्या पलीकडे डक्टमधला पाइप, आवारातलं चेंबर, रस्त्याखालची मलवाहिनी आणि थेट वर्सोवा, मालाड, भांडुप किंवा घाटकोपरचं मलप्रक्रिया केंद्र. युक्ती जुनी आहे. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने 1775 साली संडासाच्या पाइपला असं वळण देऊन पेटंट घेतलं होतं.

उन्हाळ्यात दोन्हीकडून कोंडी होते. गटारात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि उष्म्याने त्यांचा वेग वाढतो. त्याच वेळी न वापरलेल्या मोरीतलं बूच उडून जातं. पाहुण्यांचं बाथरूम, ड्राय बाल्कनी, सुट्टीत गावी गेल्यावर महिनाभर बंद राहिलेलं घर, ही त्याची नेहमीची ठिकाणं. त्यात एक्झॉस्ट फॅन लावला तर तो कोरड्या ट्रॅपमधून गटारातलीच हवा आत ओढतो. 2003 साली हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स वसाहतीत 300हून अधिक रहिवाशांना सार्स झाला, तेव्हा तपासात संशयाचं बोट ठेवलं गेलं ते बाथरूममधल्या कोरड्या ट्रॅपवर आणि एक्झॉस्ट फॅनवरच.

तेव्हा आधी जाळी उचला आणि मोबाइलचा टॉर्च मारा. तळाशी पाणी चमकलं तर बूच शाबूत आहे. नुसती काळी, कोरडी भिंत दिसली, एखादं झुरळ वर येताना दिसलं, तर दोन मग साधं पाणी ओता आणि थोडा वेळ थांबा. वास गेला, तर फिनाईलची गरज नव्हती.

न वापरातल्या मोरीत आठवड्यातून एकदा मगभर पाणी टाका. गावी निघताना आधी पाणी आणि त्यावर दोन-तीन चमचे खाद्यतेल ओता. तेल वर तरंगतं, पाणी उडू देत नाही.

पाणी असूनही वास येत असेल, तर जाळीखाली केस आणि साबणाचा गाळ साचलेला असतो. हातमोजा घालून काढा. स्वयंपाकघरातला वास वेगळा, आंबूस असतो. सिंकच्या पाइपात थिजलेलं तूप-तेल आणि खरकटं त्याच्या मुळाशी असतं. भांडी आधी कागदाने पुसा. सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून उघडता येतो. खाली बादली ठेवा. धुण्याचा सोडा आणि गरम पाणी चालतं, उकळतं नको, प्लास्टिकचे सांधे ढिले होतात. सिंकचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप जिथे जमिनीत शिरतो, तिथली फटही पाहा. ती उघडी असेल तर रबरी वायसर बसवून घ्या.

वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर तुमच्या मोरीत गुडगुड आवाज होतो? भरलेलं पाणी पुन्हा पुन्हा खेचलं जातं? मग दोष बहुधा डक्टमधल्या पाइपात किंवा गच्चीवर तुंबलेल्या हवेच्या पाइपात आहे. तो घरात दुरुस्त होणार नाही. सोसायटीला लेखी कळवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका : ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतणं. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद बाथरूममध्ये जिवावर बेततो. सुट्टीला निघण्यापूर्वी गॅस, दिवे, नळ बंद केल्याची खात्री आपण करतोच. त्या यादीत यंदा मोरीत पाणी ओतणंही लिहून ठेवा.