लालबागच्या चिवड्याची साधी पिशवी आपल्याला भरवशाची का वाटते?

गणपतीत लालबागला दर्शनाला गेलेली माणसं परतताना बरेचदा चिवडा गल्लीत डोकावतात. येताना हातात एक पिशवी असते. पातळ, पारदर्शक, फार तर वर एक-दोन रंगांत दुकानाचं नाव. आतले शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता सगळं बाहेरून मोजून घ्यावं इतकं स्पष्ट दिसतं. कोपऱ्यावरच्या दुकानात चकचकीत पाकिटातला चिवडाही मिळतो, तरी अनेकांचा जीव या साध्या पिशवीतच अडकलेला.

हे सगळं आठवणींमुळे होतं असं म्हणून विषय संपवता येईल. पण गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात खाण्याच्या वस्तू विकल्या कशा जात होत्या, हे पाहिलं की कारण जास्त नीट कळतं.

लालबागच्याच मसाला बाजाराचं घ्या. एप्रिल-मे महिन्यात तिथे गेलात तर लांबूनच ठसका लागतो. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी अशा मिरच्यांचे ढीग लागलेले असतात. गिऱ्हाईक स्वतः मिरची निवडतं, धणे, खसखस, लवंग, दगडफूल घरच्या मापाने घेतं, भाजून घेतं आणि कांडप यंत्रापाशी उभं राहतं. मालवणी मसाल्याचं प्रमाण वेगळं, आगरी-कोळ्यांचं वेगळं, आणि एकाच चाळीतल्या दोन मालवणी घरांचंही वेगळं. कुटलेला मसाला डब्यात भरेपर्यंत बाईची नजर हटत नाही. घरी गेल्यावर तो बरणीत जातो, वर हिंगाचे खडे. बरणीवर नाव नाही, तारीख नाही. सगळं डोळ्यांसमोर झालेलं असतं, मग लेबल कशाला?

अडचण येते ती गिऱ्हाईक समोर उभं राहू शकत नाही तेव्हा.

गच्चीवरचे पापड आणि चार पाकिटं

15 मार्च 1959. गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल होतं उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटं, ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. हेच पुढे 'लिज्जत' झालं. हे नाव 1962 मध्ये आलं, ते सुचवणाऱ्या सदस्य महिलेला बक्षीस मिळालं 5 रुपये!

सुरुवातीला या बायकांनी दोन प्रकारचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना पैसे उसने देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सल्ला दिला की एकच दर्जा ठेवा आणि त्यात तडजोड करू नका. पाकिटाची सगळी गोम इथेच आहे. पाकीट उघडेपर्यंत आतला पापड कसा आहे ते कळत नाही. त्यामुळे आजचं आणि पुढच्या महिन्यातलं पाकीट सारखंच निघालं, तरच माणूस तिसऱ्यांदा ते उचलतो.

पहिल्या पावसाळ्यात तर पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस पडो वा ऊन, पापड तोच.

आज या संस्थेत 45 हजारांच्या आसपास महिला काम करतात. लाटणं अजूनही घरोघरीच होतं. पण पीठ एकाच ठिकाणी मळून, वजन करून दिलं जातं आणि लाटलेले पापड परत आले की तपासले जातात. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गिरगावातूनच 1910 मध्ये सुरू झालेल्या बेडेकरांची लोणची-मसालेही असेच नावावर विश्वास ठेवून घराघरांत गेले.

दिसतंय ते सगळं चांगलं?

आता पुन्हा चिवड्याच्या पिशवीकडे. आतलं दिसतं म्हणून ती प्रामाणिक वाटते आणि ते बरोबरही आहे. पण तळलेल्या पदार्थाचे तीन शत्रू असतात: ओलावा, हवा आणि उजेड. ओलाव्याने चिवडा सादळतो. हवेतल्या ऑक्सिजनने तेलाला खवट वास येतो, आणि उजेडामुळे हे काम आणखी लवकर होतं. मोठ्या कंपन्यांची पाकिटं आतून चंदेरी असतात ती म्हणूनच, शिवाय बऱ्याचदा त्यांत नायट्रोजन भरलेला असतो. तो माल महिनोन्‌महिने टिकतो. त्याची किंमत अशी की अनेक थर चिकटवलेल्या त्या पाकिटाचा पुनर्वापर करणं फार अवघड.

साध्या पिशवीतला चिवडा लवकर खाऊन संपवण्यासाठीच असतो. घरी नेऊन आठवडाभर पिशवीतच ठेवला, तर दोष गल्लीचा नाही. डब्यात काढा, झाकण घट्ट लावा.

कागदाच्या बाबतीत मात्र आपण जरा जास्तच हळवे आहोत. वडापावच्या जन्माचं श्रेय 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिलं जातं, आणि वडापाव म्हटलं की वर्तमानपत्राचा कागद आठवतोच. पण छपाईची शाई गरम, तेलकट वड्याला लागते आणि पोटात जाते. एफएसएसएआयने डिसेंबर 2016 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी तर खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाईच केली. कोरा कागद मागायला लाजू नका. चव तीच लागते.

मग पाकिटावर काय बघायचं?

समोर तोलून दिलेला सुटा माल आणि आधीच भरून ठेवलेलं पाकीट, यांत फरक आहे. पाकीट आधीच भरलेलं असेल तर त्यावर घटक, वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तारखा, शाकाहारी पदार्थाला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक हवा. लहान घरगुती उत्पादकालाही नोंदणी लागते. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस वेबसाइटवर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. 'घरगुती', 'पारंपरिक', 'आजीच्या हातचं' हे शब्द कोणीही छापू शकतं.

सुट्या मिठाईसाठीही 1 ऑक्टोबर 2020 पासून ताटापुढे 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावण्याचा आदेश निघाला होता. पाटी दिसली नाही, तर काउंटरवरच्या काकांना सरळ विचारा, "आजचंच आहे ना?" गिरगाव-दादरच्या जुन्या दुकानांत या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही. उलट बरेचदा एक तुकडा चाखायला हातावर ठेवला जातो.