डोंगरी गावातील वसंताची चाहूल

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतूचा आरंभ चैत्रात होतो. परंतु सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर त्याची चाहूल माघातच लागते. जावळी, महाबळेश्वर, भोर, अकोले अशा तालुक्यांतील डोंगरी गावांत पहाटे अद्याप शेकोटी पेटलेली असते, आणि दुपारी मात्र खळ्यावर उभे राहवत नाही. थंडी व ऊन यांच्या या ओढाताणीत निसर्ग ज्या खुणा दाखवितो, त्या जाणत्या शेतकऱ्यास कामाचे वेळापत्रकच होत.

प्रथम नजरेत भरते ती काटेसावर. तिच्या मागोमाग पांगारा व पळस फुलतात. ही झाडे फुलतात तेव्हा त्यांच्या अंगावर पान क्वचितच असते. जमिनीतील ओल कमी होऊ लागली म्हणजे पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय थांबविण्यासाठी झाड पाने गाळते. पाने नसल्याने लालभडक फुले दुरूनही दिसतात, आणि मैना, पोपट, कोतवाल हे पक्षी मधासाठी येऊन परागीकरण करून जातात. याच सुमारास तांबट पक्ष्याची ठोक्यासारखी हाक ऐकू येऊ लागते व करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी, सुवासिक फुले दिसतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे आंब्याचा मोहोर. कोकणपट्टीच्या मानाने घाटमाथ्यावर तो उशिरा येतो. एका तुऱ्यात शेकडो फुले असतात. त्यांपैकी पुष्कळशी केवळ नरफुले असल्याने फळ धरण्याची शक्ती थोड्यांतच असते. त्या थोड्यांनाही माशा व मधमाशा यांचे साहाय्य लागते. रात्री गारवा आणि आभाळ ढगाळ असल्यास मोहोरावर पांढरी भुरी पडते. तुडतुडे मोहोरातील रस शोषितात व चिकट द्रव टाकतात. त्यावर पुढे काळी बुरशी वाढते. तुरा हलविताच किडे उडाले तर तुडतुडे आले असे समजावे.

येथे एक चूक वारंवार घडते. मोहोर पूर्ण उमलल्यावर, भर सकाळी, शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही कीटकनाशक फवारावयाचे. त्यायोगे तुडतुड्यांबरोबर मधमाशाही मरतात, आणि ज्या फळांसाठी खर्च केला तीच धरत नाहीत. फवारणी फुले उमलण्यापूर्वी करावी. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 10 लिटर पाण्यास 20 ग्रॅम या प्रमाणात वापरावे. फुले उमलल्यानंतर कीटकनाशकाची गरज भासल्यास कृषि अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा, फवारणी सायंकाळी करावी व जवळपासच्या मधपेट्यांच्या मालकास आदल्या दिवशी कळवावे. डोंगरात सातेरी माशीच्या पेट्यांवर पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालतो; महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव तर 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभूळ व हिरडा फुलण्यापूर्वीच माशा मेल्या, तर त्या घरांचा हंगाम बुडालाच.

दुसरी खूण डोळ्यांना तितकीशी सुखद नाही. डोंगरउतारावरील गवत सोन्यासारखे पिवळे होते, म्हणजेच ते पेट घेण्यास सिद्ध होते. गवत जाळल्याने पुढील वर्षी ते जोमाने येते, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. राखेमुळे पहिला फुटवा हिरवा दिसतो हे खरे. पण रोपे, बी व जमिनीवरील पालापाचोळा जळून जातो आणि उघडी पडलेली माती आषाढातील पावसाबरोबर ओढ्यात जाते. वस्ती, गवताच्या गंजी व फळझाडे यांभोवतीचे वाळलेले गवत विळ्याने कापून, पाचोळा ओढून, मोकळा पट्टा ठेवावा. हे काम पळस फुलू लागताच हाती घ्यावे. शिमग्यापर्यंत थांबू नये. राब भाजावयाचा झाल्यास वारा पडलेला असताना, माणसे व पाणी हाताशी ठेवूनच भाजावा. गादीवाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत घालून भाताची रोपे तयार केली तर राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडण्याची गरजही उरत नाही.

झऱ्याकडेही याच दिवसांत पाहावे. पाणी वाहताना दिसते म्हणून गाव निश्चिंत राहते, आणि चैत्रात अकस्मात बायकांना दरीत उतरावे लागते. वास्तविक ते अकस्मात नसते. दर आठवड्यास एकाच वेळी, एकाच मापाची बादली धारेखाली धरून ती भरण्यास किती वेळ लागतो ते लिहून ठेवावे. 15 लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर दिवसास 21,600 लिटर पाणी मिळते. तीच भरण्यास दोन मिनिटे लागू लागली की ते 10,800 लिटरवर आले. हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिल्यास उन्हाळी भाजीपाला किती वाफ्यांत लावावा, हे लागवडीपूर्वीच ठरविता येते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या नोंदीचा आरंभ माघी पौर्णिमेच्या आत करवून घ्यावा व बादली भरण्याचे काम शाळेतील वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे; ती ते आनंदाने व बहुधा मोठ्यांपेक्षा नियमितपणे करतात.