चार आठवड्यांची अमेरिकी शाळा आणि एका रात्रीवरचा गोवा

लेखमाला : कायद्याच्या वेशीपलीकडे / भाग ७

अमेरिकेतल्या न्यायालयाने दिलेला घटस्फोटाचा हुकूमनामा आपल्याकडे कितपत चालतो, हे गेल्या भागात पाहिलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव निकाल, हे त्यातले दोन मुख्य आधार. त्या प्रकरणात मिसुरी राज्यातल्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट आपल्या न्यायालयाने मानला नाही. ज्या कारणावरून तो दिला गेला ते कारण हिंदू विवाह कायद्यात नव्हतं आणि त्या न्यायालयाचा अधिकार पत्नीने कधी मान्यच केला नव्हता. मग पुढचा प्रश्न असा, की हे अशिलाला समजावून सांगणाऱ्या इथल्या वकिलाला तिकडचा कायदा किती ठाऊक असायला हवा आणि तो त्याने शिकायचा कुठे?

डोंबिवलीत हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी कॅलिफोर्नियात आणि आईवडील पूर्वेच्या जुन्या फ्लॅटमध्ये, अशी घरं इथे शोधावी लागत नाहीत. फ्लॅट विकायचा झाला की तिकडून कुलमुखत्यारपत्र येतं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे पुष्कळांना उशिरा कळतं. एमआयडीसीतला एखादा कारखानदार अमेरिकी ग्राहकाच्या करारावर सही करतो आणि शेवटच्या पानावरचं 'हा करार न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार' हे वाक्य वाचतही नाही. ही सगळी माणसं सल्ल्याला कोणाकडे जातात? नरिमन पॉइंटच्या फर्मकडे नाही. सकाळी कल्याण किंवा ठाण्याच्या न्यायालयात तारखा करून संध्याकाळी स्टेशनजवळच्या ऑफिसात बसणाऱ्या आपल्या वकिलाकडेच. त्यामुळे परका कायदा शिकण्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे कायदा शिकायला परदेशी जाणं म्हणजे पूर्वी लंडन. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते ते अर्थशास्त्रासाठी. बॅरिस्टरीसाठी त्यांनी १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्येच नाव घातलं. अमेरिकी कायदा इतर देशांतल्या वकिलांना शिकवण्याचे खास वर्ग त्यानंतरचे. त्याच कोलंबियाच्या लॉ स्कूलने नेदरलँड्समधल्या लायडन आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठांबरोबर १९६३ पासून असा उन्हाळी अभ्यासक्रम चालवला आहे. अमेरिकी प्राध्यापक युरोपात येतात आणि अमेरिकेबाहेरचे वकील, कायद्याचे पदवीधर आणि विद्यार्थी साधारण चार आठवडे त्यांच्यासमोर बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतही परदेशी वकिलांना अमेरिकी कायद्याची ओळख करून देणारा उन्हाळी वर्ग भरत आला आहे.

'उन्हाळी' हा उन्हाळा तिकडचा, म्हणजे जुलैचा. आपल्या न्यायालयांची मोठी सुट्टी मे महिन्यात असते आणि जुलैत बोर्ड भरलेला असतो. मोठ्या फर्ममधल्या नोकरदार वकिलाला रजा मिळते, पण एकट्याने वकिली करणारा महिनाभराच्या तारखा कोणावर सोपवणार? फी, विमानभाडं आणि राहण्याचा खर्च वेगळाच. चांगला ज्युनियर हाताशी नसेल तर कल्याणच्या वकिलाने या वाटेला जाणं जवळजवळ अशक्य, हे स्पष्टच सांगायला हवं.

तरी तिथे काय शिकवतात ते समजून घेण्यासारखं आहे. हे वर्ग ज्यांच्यासाठी निघाले त्या युरोपीय वकिलांना कलमबद्ध संहितांची सवय. न्यायाधीशाच्या निकालातून कायदा घडतो, हेच त्यांना नवं. भारतीय वकिलाची अडचण वेगळी. पूर्वनिर्णय, उलटतपासणी, विश्वस्त, इंजंक्शन हे सगळे शब्द त्याला ओळखीचे, त्यामुळे कायदाही ओळखीचाच असेल असं तो धरून चालतो आणि फसतो.

पहिला फरक राज्यांचा. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण कायदा हे केंद्राचे आणि दिवाणी न्यायाधीशापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायालयांची उतरंड एकच. अमेरिकेत विवाह, वारसा, जमीन, करार, बहुतेक गुन्हे हे सारं राज्यांच्या हातात आणि प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालयं. त्यांच्याशेजारी केंद्राची न्यायालयं वेगळी. म्हणून 'अमेरिकेत घटस्फोटाचा कायदा काय आहे?' या प्रश्नाला उत्तरच नाही. 'कुठल्या राज्यात, आणि तिथे किती दिवस राहिल्यावर?' हे आधी विचारावं लागतं. इथल्या वकिलाने एवढं जरी पहिल्याच भेटीत विचारलं तरी अशिलाचे कित्येक महिने वाचतील.

दुसरा फरक पुराव्याचा. तिथे दिवाणी दाव्यात सुनावणीच्या बऱ्याच आधी दोन्ही बाजूंना एकमेकांची कागदपत्रं, ईमेल, संदेश मागता येतात. साक्षीदाराची जबानी न्यायाधीशाविना, वकिलाच्या ऑफिसातच शपथेवर नोंदवली जाते. आपल्या दिवाणी संहितेतही कागदपत्रं उघड करायला लावण्याची तरतूद आहे, व्यापारी दाव्यांत ती अधिक कडकही आहे. पण तिकडची व्याप्ती फार मोठी. दावा दिसू लागताच जुने संदेश पुसून टाकणं एमआयडीसीतल्या आपल्या कारखानदाराला फार महागात पडू शकतं, कारण त्यासाठी तिकडचं न्यायालय दंड करतं, प्रसंगी पुसलेला मजकूर तुमच्या विरोधातच होता असंही धरतं.

तिसरा फरक ज्युरीचा. अमेरिकी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने केंद्रीय न्यायालयांतल्या दिवाणी दाव्यांतही ज्युरीचा हक्क राखला आहे. आपल्याला ज्युरी म्हटलं की १९५९ चा नानावटी खटला आठवतो. मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. पण ज्युरीची एक सावली मुंबईत आजही आहे. पारशी विवाहविषयक खटल्यांत न्यायाधीशांबरोबर समाजातले प्रतिनिधी बसतात, तेही १९३६ च्या कायद्याने. तिकडची ज्युरी समजून घ्यायची असेल तर आधी त्या कायद्यातली प्रतिनिधींची कलमं वाचावीत.

शिकवण्याची रीतही निराळी. हार्वर्डच्या लँगडेलने १८७० च्या दशकात निकालांवरून कायदा शिकवण्याची जी पद्धत रुजवली, ती या वर्गांतही दिसते. निकाल आदल्या रात्री वाचून यायचा, वर्गात प्राध्यापक एकामागून एक प्रश्न विचारत वस्तुस्थिती थोडी थोडी बदलत जातात आणि कुठल्या टप्प्यावर तुमचं उत्तर बदलतं ते पाहतात. भाष्यग्रंथ आणि गाइडवर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हे जड जातं. पण वकिलाचं डोकं तयार करायला मला याहून चांगली रीत माहीत नाही.

अखेरीला मिळतं ते प्रमाणपत्र, सनद नाही. तिकडे वकिली करायची तर राज्याची बार परीक्षा द्यावी लागते, आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यात परदेशी पदवीधराला तिला बसण्यासाठीही वेगळ्या अटी आहेत.

आता गोव्याविषयी. या भागात मला खरं सांगायचं आहे ते हेच. निराळी कायदेव्यवस्था अनुभवायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. रात्री ठाण्याहून कोकणकन्येत बसलात की सकाळी मडगावला उतरताना तुम्ही वेगळ्या कौटुंबिक कायद्यात उतरता. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० मध्ये आली. खुद्द पोर्तुगालने ती १९६७ मध्ये बदलली. गोव्यात मात्र तिचा विवाह आणि कुटुंबाविषयीचा मोठा भाग मुक्तीनंतरही टिकला. वारशाचे नियम आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आले आहेत, पण गाभा तोच. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा ठरतो. मुलं असतील तर मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्यातल्या निम्म्याचीच विल्हेवाट लावता येते. माणूस गेला की वाटण्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याच्या, न्यायालयीन कार्यवाहीत होतात.

कॅलिफोर्नियात आणि टेक्ससमध्ये लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची मानली जाते, आणि हा नियम तिथे स्पॅनिश-मेक्सिकन काळातून आला. म्हणजे मूळ पुन्हा आयबेरियन. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या जावयाच्या मालमत्तेचा हिशेब मडगावच्या वकिलाला चटकन उमगेल, तर कल्याणच्या वकिलाला तो चमत्कारिक वाटेल. न्यू जर्सीत मात्र तो नियम नाही. तिथे घटस्फोटाच्या वेळी न्यायालय न्याय्य वाटेल तशी वाटणी करतं.

गोव्याचा हा कायदा आपल्या दारापर्यंतही आला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये जोझे पावलो कुतिन्हो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागू होतो. मालमत्ता मुंबईतली होती. तीच गोष्ट ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या फ्लॅटची. समोर बसलेल्या गोमंतकीय अशिलाला 'तुमच्या वडिलांचा अधिवास कुठला?' हे न विचारता भारतीय उत्तराधिकार कायद्याचा अर्ज तयार करणं धोक्याचं आहे.

म्हणून कल्याण आणि ठाण्याच्या वकील संघटनांना माझं सांगणं आहे, की मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवसांचा वर्ग गोव्यात भरवा. पणजीचं साळगावकर विधी महाविद्यालय आणि मडगावचं कारे विधी महाविद्यालय या दोघांना विचारा. सकाळी गोव्याचे वकील संहितेतली प्रकरणं शिकवतील. दुपारी निकाली निघालेल्या एखाद्या इन्व्हेंटरीची फाइल, नावं झाकून, पहिल्या अर्जापासून शेवटच्या वाटणीपर्यंत सगळ्यांनी मिळून वाचावी. शेवटचे तीन दिवस कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या तीन राज्यांना द्यावेत, आणि तिथे वकिली करणाऱ्या मराठी वकिलांना संध्याकाळी पडद्यावर बोलवावं. तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असते. जुलैच्या तारखा बुडत नाहीत आणि खर्चही एकट्याने वकिली करणाऱ्याला झेपेल एवढाच येतो.

(पुढील भागात : अपोस्टिल म्हणजे काय, आणि कुलमुखत्यारपत्र परत का येतं)