प्रोसीजरच्या पोटातली टेबलं

नॉर्थविंड ट्रेडर्स नावाची कंपनी जगात कुठेही नाही. तरीही देशोदेशीच्या असंख्य प्रोग्रॅमरनी तिच्या ऑर्डरी चाळल्या आहेत. खाद्यपदार्थांची आयात-निर्यात करणारी ही काल्पनिक पेढी मायक्रोसॉफ्टने सरावासाठी तयार केली. तिच्या डेटाबेसमध्ये ९१ ग्राहक, ७७ उत्पादनं आणि जुलै १९९६ ते मे १९९८ या काळातल्या ८३० ऑर्डरी आहेत. सोबत मोजक्या स्टोअर्ड प्रोसीजर्सही आहेत. त्यातली ‘सेल्स बाय इयर’ ही प्रोसीजर जेमतेम काही ओळींची. पण ही प्रोसीजर नेमक्या कोणत्या टेबलांवर अवलंबून आहे, या प्रश्नाचं बरोबर उत्तर तिच्या मजकुरात सापडत नाही.

डेटाबेसला द्यायच्या सूचना एका जागी लिहून, त्यांना नाव देऊन डेटाबेसमध्येच ठेवून दिल्या की त्याला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. बाहेरच्या प्रोग्रॅमने फक्त नाव घ्यायचं आणि तारीख, खाते क्रमांक वगैरे पुरवायचं. बाकीचं काम डेटाबेस आतल्या आत उरकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सायबेसने ही सोय लोकप्रिय केली, १९९२ मध्ये ऑरॅकलच्या सातव्या आवृत्तीत ती आली. तेव्हापासून व्याजाची आकारणी, पगारपत्रक, विम्याचे हप्ते, गोदामातला साठा असे कितीतरी हिशेब प्रोसीजर्सच्या हवाली झाले. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या यंत्रणेत त्यांची संख्या शेकड्यांत जाते. ज्यांनी त्या लिहिल्या ती माणसं केव्हाच दुसरीकडे गेलेली असतात. अशा वेळी एखाद्या टेबलातला कॉलम काढायचा, नाव बदलायचं किंवा सगळी यंत्रणा नव्या सर्व्हरवर न्यायची म्हटलं, की पुण्या-हैदराबादेतल्या सपोर्ट टीमपासून लंडनच्या बँकेपर्यंत सगळीकडे पहिला प्रश्न हाच येतो: याला हात लावला तर काय काय बंद पडेल?

‘सेल्स बाय इयर’ला दोन तारखा दिल्या की त्या दरम्यान रवाना झालेल्या ऑर्डरी आणि त्यांच्या रकमा मिळतात. मजकुरात दोनच नावं दिसतात, ‘ऑर्डर्स’ आणि ‘ऑर्डर सबटोटल्स’. पहिलं टेबल आहे. दुसरं मात्र टेबल नव्हे, तो व्ह्यू आहे; म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी. हा व्ह्यू ‘ऑर्डर डिटेल्स’ या टेबलाकडे जातो, तिथल्या २,१५५ ओळींमधून प्रत्येक वस्तूची किंमत आणि नग यांचा गुणाकार करतो, सवलत वजा करतो आणि ऑर्डरनिहाय बेरीज काढतो. समजा, कोणी ‘ऑर्डर डिटेल्स’मधल्या ‘ऑर्डरआयडी’ कॉलमचं नाव बदललं. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर, एक ठरावीक सावधगिरीची सूचना छापतो आणि नाव बदलून मोकळा होतो; व्ह्यूच्या मजकुरातलं जुनं नाव तसंच राहतं. पुढच्या वेळी ‘सेल्स बाय इयर’ चालवली की ती कोसळते. आणि तिच्या मजकुरात ‘ऑर्डर डिटेल्स’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत.

तरीसुद्धा पहिला हात जातो तो मजकुराच्या शोधाकडेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसीजर, व्ह्यू, ट्रिगर यांचा पूर्ण मजकूर ‘सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स’ इथे वाचायला मिळतो. ‘लाइक’ लावून त्यात टेबलाचं नाव शोधलं की यादी हजर. झटपट आणि सोपं. पण या शोधात खाचखळगे पुष्कळ आहेत. नॉर्थविंडमधलीच ‘कस्टऑर्डरहिस्ट’ ही प्रोसीजर घ्या. टेबलाच्या नावात मोकळी जागा असल्यामुळे तिथे ‘ऑर्डर डिटेल्स’ चौकटी कंसात लिहिलेलं आहे. ते कंसासकट उचलून ‘लाइक’ला दिलं, तर ‘लाइक’ त्याचा अर्थ लावतो: कंसातल्यापैकी कोणतंही एक अक्षर. मग डेटाबेसमधली एकूण एक प्रोसीजर यादीत येते, कारण त्यातलं एखादं तरी अक्षर प्रत्येकीत असतंच. अंडरस्कोरचंही तसंच. ‘लाइक’च्या लेखी तो कोणत्याही एका अक्षराची जागा असतो, त्यामुळे अंडरस्कोर असलेलं नाव शोधताना भलतीच नावं गळाला लागतात. कॉमेंटमध्ये कोणी जुन्या टेबलाचा नुसता उल्लेख केला असेल, तर तोही मोजला जातो. काहीजण ‘इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स’मध्ये शोधतात, तिथे मजकुराची फक्त पहिली ४,००० अक्षरं असतात. लांबलचक प्रोसीजरच्या शेवटी येणारं टेबल त्यात दिसणारच नाही, आणि ते दिसलं नाही हेही कळणार नाही.

यापेक्षा चांगला मार्ग डेटाबेसच्या मूळ कल्पनेतच आहे. एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकाने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९८५ मध्ये खरा रिलेशनल डेटाबेस कोणाला म्हणावं याचे नियम त्याने मांडले. त्यातला चौथा नियम कॅटलॉगचा: डेटाबेसचं स्वतःचं वर्णनही टेबलांच्याच रूपात असावं आणि बाकीच्या डेटाला ज्या भाषेत प्रश्न विचारतो, त्याच भाषेत त्यालाही विचारता यावा. फार दूरदृष्टीचा नियम होता हा. त्याच्यामुळेच आज कोणती टेबलं आहेत, कोणते कॉलम आहेत, कोणती प्रोसीजर कशावर उभी आहे, हे साध्या ‘सिलेक्ट’ने विचारता येतं.

अर्थात कॅटलॉग भरण्याचं काम ज्याचं त्याचं, आणि एसक्यूएल सर्व्हरने ते बरीच वर्षं अर्धवट केलं. ‘एसपी_डिपेंड्स’ ही त्याची जुनी आज्ञा. प्रोसीजरचं नाव दिलं की ती टेबलांची यादी देते. पण १९९८ च्या सातव्या आवृत्तीपासून या सर्व्हरमध्ये अशी मुभा आहे, की टेबल अजून अस्तित्वात नसलं तरी त्यावरची प्रोसीजर तयार करता येते. नावाचा उलगडा ती चालेल तेव्हा होतो. अवलंबित्वाची नोंद मात्र टेबलाच्या अंतर्गत क्रमांकाने व्हायची. टेबलच नाही तर क्रमांक कुठला? मग सर्व्हर नोंद न करताच पुढे जायचा. नंतर टेबल तयार झालं, प्रोसीजर रोज व्यवस्थित चालू लागली, तरी नोंद कोरीच राहायची. स्क्रिप्ट कोणत्या क्रमाने चालवल्या यावर उत्तराचं खरेखोटेपण ठरत होतं. ‘एसपी_डिपेंड्स’ने कोरी यादी दिली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नव्हता, तो यामुळे.

२००८ च्या आवृत्तीत ही चूक सुधारली. ‘सिस.एसक्यूएल_एक्स्प्रेशन_डिपेंडन्सीज’ या नव्या कॅटलॉग व्ह्यूमध्ये नोंद नावाने होऊ लागली. टेबल आज नसलं, दुसऱ्या डेटाबेसमध्ये असलं किंवा दुसऱ्या सर्व्हरवर असलं, तरी त्याचं नाव लिहून ठेवलं जातं. फक्त क्रमांकाच्या रकान्यात ‘नल’ येतं. त्याच्या जोडीला ‘सिस.डीएम_एसक्यूएल_रेफरन्स्ड_एंटिटीज’ आलं, आणि कामाच्या दृष्टीने ते जास्त मोलाचं. प्रोसीजरचं नाव दिलं की ते टेबलांबरोबर कॉलमही सांगतं: कोणता नुसता वाचला जातो, कोणता बदलला जातो, कुठे तारांकन टाकून सगळे कॉलम उचललेत. मजकुरात उल्लेखलेली एखादी वस्तू सापडली नाही, तर कॉलमांची यादी अपुरी असू शकेल असा इशाराही देतं. उलट दिशेने, म्हणजे टेबलावरून प्रोसीजर्स शोधण्यासाठी ‘रेफरन्सिंग’ नावाचं जुळं भावंड आहे.

‘सेल्स बाय इयर’चं नाव इथे दिलं, तर ‘ऑर्डर्स’ आणि ‘ऑर्डर सबटोटल्स’ एवढंच मिळतं, कारण हा शोध एकाच पायरीचा आहे. ‘ऑर्डर सबटोटल्स’ व्ह्यू आहे असं दिसल्यावर तोच प्रश्न त्याला विचारायचा. मग ‘ऑर्डर डिटेल्स’ हाती लागतं. प्रोसीजरने दुसरी प्रोसीजर बोलावली, तिने फंक्शन बोलावलं, फंक्शनने व्ह्यू वाचला, अशी साखळी असेल तर टेबलापाशी पोचेपर्यंत विचारत राहायचं. हातांनी करण्यापेक्षा हे काम रिकर्सिव्ह क्वेरीकडे द्यावं. ती न कंटाळता शेवटपर्यंत जाते. मॅनेजमेंट स्टुडिओत उजवं क्लिक करून मिळणारा ‘व्ह्यू डिपेंडन्सीज’चा वृक्षही उपयोगी आहे, पण दोनशे प्रोसीजर्सची यादी एका दमात हवी असेल तर क्वेरीला पर्याय नाही.

ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या सूचना, या साखळीत बसत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच ‘अ‍ॅडव्हेंचरवर्क्स’ या दुसऱ्या नमुना डेटाबेसमध्ये ‘सेल्सऑर्डरडिटेल’ टेबलावर एक ट्रिगर आहे. त्या टेबलात ओळ घातली की तो ‘ट्रान्झॅक्शनहिस्टरी’त नोंद करतो आणि ‘सेल्सऑर्डरहेडर’मधली एकूण रक्कमही बदलतो. ओळ घालणाऱ्या प्रोसीजरला या दोन टेबलांचा पत्ताही नसतो. म्हणून प्रोसीजर ज्या टेबलांमध्ये लिहिते, त्या प्रत्येकावर कोणते ट्रिगर बसलेत हे ‘सिस.ट्रिगर्स’मधून वेगळं पाहावं लागतं. पाहणाऱ्यांपैकी फार थोडे इथवर येतात, ही खेदाची गोष्ट आहे; कारण रात्रीच्या बदलानंतर सकाळी उमटणाऱ्या अनाकलनीय चुकांचं मूळ बरेचदा इथे असतं.

आता सगळ्यात अवघड भाग, डायनॅमिक एसक्यूएल. काही प्रोसीजर्स टेबलाचं नाव थेट लिहीत नाहीत. ‘सेल्स_’ या अक्षरांना चालू वर्ष जोडून नाव तयार करतात, त्या नावाची क्वेरी अक्षरांच्या ओळीत रचतात आणि ‘एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल’ला देतात. प्रोसीजर तयार होताना सर्व्हरला दिसते ती फक्त अवतरणचिन्हांतली अक्षरं. तो नोंद करणार तरी कशाची? सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदवलेला बोजा दिसतो, पण तोंडी व्यवहाराचा पत्ता लागत नाही, तशीच ही गत. निदान कोणत्या प्रोसीजर्स असं करतात हे मजकुराच्या शोधातून कळतं, आणि त्या शोधाचा खरा उपयोग इथे आहे. ‘एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल’ किंवा कंसासकट येणारा ‘एक्झेक’ असलेल्या प्रोसीजर्सची वेगळी यादी करावी आणि त्या माणसाने बसून वाचाव्यात. टेबलाचं नाव जोडून तयार करण्याची खोड ज्यांना टाळता येण्यासारखी आहे त्यांनी ती जरूर टाळावी. क्षणभराच्या सोयीसाठी पुढच्या माणसाला अंधारात ठेवण्याचा हा प्रकार आहे.

ऑरॅकलने अवलंबित्वाचा विषय पहिल्यापासून गांभीर्याने घेतला. तिथे प्रोसीजर कंपाइल होताना तिची टेबलं ‘डीबीए_डिपेंडन्सीज’मध्ये नोंदली जातात आणि टेबल बदललं की त्यावरच्या प्रोसीजरवर ‘इनव्हॅलिड’ असा शिक्का बसतो. पुढच्या वापराच्या वेळी ती आपोआप पुन्हा कंपाइल होते. ११जी या आवृत्तीत हा हिशेब आणखी बारीक झाला. संबंध नसलेला नवा कॉलम घातला म्हणून प्रोसीजर बाद होत नाही. ‘एक्झिक्यूट इमिजिएट’मधली टेबलं मात्र तिथेही नोंदीबाहेरच राहतात.

पोस्टग्रेसची तऱ्हा अगदी वेगळी. तिथे फंक्शनचा मजकूर नुसत्या अक्षरांच्या ओळीसारखा साठवला जातो, त्यामुळे फंक्शन ज्याच्यावर चालतं ते टेबल काढून टाकलं तरी डेटाबेस हरकत घेत नाही. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत साध्या एसक्यूएलमधल्या फंक्शन आणि प्रोसीजर्ससाठी ‘बिगिन अ‍ॅटॉमिक’ची सोय आली. तसं लिहिलं की टेबलांची नोंद होते आणि टेबल काढू पाहणाऱ्याला डेटाबेस अडवतो. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये लिहिलेल्यांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी ‘पीएलपीजीएसक्यूएल_चेक’ हे एक्स्टेन्शन टेबलांची यादी काढून देतं.

नोंदीतून न कळणारं उरतं ते प्रत्यक्ष चालताना पकडावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं सत्र लावून ठेवलं, की डायनॅमिक एसक्यूएलमधून तयार झालेली खरी वाक्यं, टेबलांच्या पूर्ण नावांसकट, टिपता येतात. ‘सिस.डीएम_एक्झेक_प्रोसीजर_स्टॅट्स’ पाहून कोणती प्रोसीजर शेवटची कधी चालली तेही कळतं, पण ती माहिती प्लॅन कॅशमध्ये असेपर्यंतच टिकते. सर्व्हर पुन्हा सुरू केला की पाटी कोरी. त्यामुळे निरीक्षणाचा काळ कामाच्या चक्राप्रमाणे ठरवावा. भारतातल्या हिशेबाच्या यंत्रणेत तिमाहीच्या आणि ३१ मार्चच्या प्रोसीजर्स असतात. जूनमध्ये पंधरा दिवस सत्र लावून काढलेल्या यादीत वर्षअखेरीची टेबलं येणार नाहीत, म्हणून ते एप्रिलचा पहिला आठवडा उलटेपर्यंत चालू ठेवावं लागतं.