समाजमाध्यमे आणि व्यवसायवृद्धी

आंतरजालावर स्वतःची ओळख नोंदविणे, इतरांशी संबंध जोडणे आणि त्या संबंधांच्या द्वारे मजकूर, छायाचित्रे व चित्रफिती यांची देवघेव करणे, या गोष्टींची सोय करून देणाऱ्या सेवांना समाजमाध्यमे असे म्हणतात. मनोरंजन व गप्पागोष्टी यांसाठी ती प्रामुख्याने वापरली जात असली, तरी ग्राहक मिळविणे, नोकरी शोधणे व समव्यावसायिकांशी संपर्क ठेवणे, हे त्यांचे महत्त्वाचे उपयोग होत.

या प्रकारच्या आरंभीच्या सेवांपैकी ‘सिक्सडिग्रीज’ ही १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. व्यावसायिक संबंधांना वाहिलेली लिंक्डइन २००३ मध्ये, फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये, व्हॉट्सॲप २००९ मध्ये व इन्स्टाग्राम २०१० मध्ये अस्तित्वात आली. लहान विक्रेत्यांसाठी वस्तूंची सूची व ठराविक उत्तरे ठेवण्याची सोय असलेले व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये उपलब्ध झाले. अर्थात व्यवसायासाठी ओळखी जोडण्याची पद्धत याहून जुनी आहे. आठवड्याचा बाजार, जत्रा व व्यापारी मंडळे ही कामे पूर्वीपासून करीत आली आहेत. मराठी उद्योजकांनी एकमेकांना व्यवसाय मिळवून द्यावा, या हेतूने माधवराव भिडे यांनी २००० मध्ये स्थापन केलेला सॅटर्डे क्लब हे याचे अलीकडचे उदाहरण होय.

अशा संबंधांचा लाभ कसा होतो, याचे शास्त्रीय विवेचन अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये केले. जवळचे मित्र व नातेवाईक एकाच वर्तुळात वावरत असल्याने त्यांच्याजवळची माहिती बहुधा आपल्यालाही असते. नवी माहिती येते ती दूरच्या परिचितांकडून. या संबंधांना त्यांनी ‘दुबळे बंध’ असे म्हटले. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नोकरी मिळण्यास मध्यम दुबळे बंध सर्वांत उपयोगी ठरतात आणि अतिनिकटचे बंध कमी उपयोगी पडतात, असे त्यांत आढळले. मात्र ज्या उद्योगांत संगणकीय तंत्राचा वापर कमी आहे, तेथे निकटचे बंधच अधिक उपयोगी पडतात, असेही दिसून आले.

रायगड जिल्ह्यातील कर्जत शहराचा भाग असलेली दहिवली या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबई–पुणे लोहमार्गावरील, बोर घाटाच्या पायथ्याचा हा परिसर मुंबई व पुणे या दोन्ही शहरांना जवळ आहे. भातशेतीबरोबरच शेतघरे, कृषिपर्यटन व पावसाळी सहली यांवर येथील अनेकांची उपजीविका अवलंबून असते. तालुक्यातील नेरळजवळच्या सगुणा बागेसारख्या केंद्रांनी कृषिपर्यटनाचा पाया समाजमाध्यमांच्या आधीच घातला. राज्य शासनाने कृषिपर्यटन धोरण २०२० मध्ये स्वीकारले. येथील एखाद्या सुताराला गावातली कामे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळतात. पण ती कामे इतर सुतारांनाही कळलेली असतात. मुंबईत राहणारा आणि सुट्टीपुरता येणारा शेतघराचा मालक मात्र त्याला नव्या वर्तुळाशी जोडतो. केलेल्या कामाचे छायाचित्र त्या मालकाने आपल्या मित्रांना पाठविले, तर जाहिरातीस लागणाऱ्या खर्चावाचून नवे काम येऊ शकते. तथापि काम चांगले व वेळेवर झालेले असणे, ही त्याची पहिली अट होय.

परिणामकारक वापराची काही तत्त्वे अनुभवाने निश्चित झाली आहेत. ओळखपत्रात व्यवसाय, ठिकाण, कामाचे स्वरूप व संपर्काची वेळ स्पष्ट लिहावी. सर्वच माध्यमांवर अर्धवट वावरण्यापेक्षा ग्राहक जेथे असतात ते एखादे माध्यम निवडावे : नोकरदारास व सल्लागारास लिंक्डइन, तर निवासव्यवस्था चालविणाऱ्यास छायाचित्रप्रधान माध्यम सोयीचे ठरते. केवळ विक्रीचे संदेश पाठविल्यास वाचक कंटाळतात; भातलावणीचा काळ, पावसातील रस्त्यांची स्थिती यांसारखी उपयुक्त माहिती देणाऱ्यावर विश्वास बसतो. व्हॉट्सॲपच्या प्रसारण-यादीतील संदेश ज्यांनी प्रेषकाचा क्रमांक स्वतःच्या दूरध्वनीत नोंदविला आहे, त्यांनाच पोहोचतो. म्हणजेच तेथेही परिचय आधी व प्रसार नंतर, असा क्रम आहे. यशाचे मोजमाप पसंतीच्या संख्येवरून न करता, किती विचारणा आल्या, त्यांतून किती कामे झाली व किती ग्राहक पुन्हा आले, यांवरून करावे.

या माध्यमांतील धोकेही लहान नाहीत. निवासव्यवस्थांच्या नावाने खोटी खाती उघडून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. त्यामुळे पर्यटकाचे पैसे व खऱ्या व्यावसायिकाचा लौकिक ही दोन्ही एकाच वेळी जातात. अशा आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ नोंदविता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये शिक्षा आहे. मोबदला घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगावे, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घालून दिला. पाहुण्यांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करणे अनुचित होय.

याहून मूलभूत प्रश्न मालकीचा आहे. समाजमाध्यमावर जमविलेला अनुयायीवर्ग व्यावसायिकाच्या ताब्यात नसतो. जून २०२० मध्ये भारत शासनाने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्यावर विसंबून असलेल्यांचा प्रेक्षकवर्ग अल्पावधीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या होत्या. म्हणून ग्राहकांची नावे व क्रमांक त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत ठेवणे, संपर्काचा दुसरा मार्ग राखणे व प्रत्यक्ष भेटीगाठी चालू ठेवणे श्रेयस्कर ठरते. समाजमाध्यम ओळख करून देते. ती टिकविण्याचे काम मात्र मालाचा दर्जा, वाजवी भाव आणि दिलेला शब्द यांनाच करावे लागते.